फुल स्कॉलरशिपचा हप्ता

कॉमन अ‍ॅपच्या, म्हणजे बऱ्याच अमेरिकी विद्यापीठांना मिळून चालणाऱ्या एकाच अर्जात जवळजवळ प्रत्येक विद्यापीठाच्या पानावर एक साधा प्रश्न येतो: आर्थिक मदतीसाठी अर्ज करणार आहात का? हो किंवा नाही. मी ‘नाही’वर टिचकी मारली. पुढे जे झालं त्यातलं निम्मं त्या टिचकीमुळे झालं.

सल्ला माझा नव्हता. ज्या समुपदेशकांकडे आम्ही जात होतो त्यांचं म्हणणं सरळ होतं: परदेशी विद्यार्थ्याने मदत मागितली की बहुतेक अमेरिकी विद्यापीठांत त्याची प्रवेशाची शक्यता घटते. हे खोटंही नव्हतं. अर्जदाराची ऐपत न बघता प्रवेश देणारी आणि वर त्याची सगळी गरज भागवणारी विद्यापीठं परदेशी मुलांसाठी तेव्हा, म्हणजे २०१८-१९ च्या प्रवेशांच्या वेळी, पाचच मोजली जायची: हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी आणि अ‍ॅमहर्स्ट. डार्टमथ, बोडन वगैरेंची भर नंतर पडली. बाकी ठिकाणी परदेशी मुलांच्या मदतीसाठी एक ठरावीक रक्कम बाजूला काढलेली असते. ती संपत आली की मदत मागणाऱ्याचा अर्ज मागे सरकतो. “आधी आत तर शिरा, मग बघू,” असं ते म्हणाले. मी सतरा वर्षांची होते. ‘मग बघू’ ही मला योजना वाटली.

त्याच सुमारास एका मोठ्या सरकारी विद्यापीठाच्या शिष्यवृत्तीचाही अर्ज केला. ती गुणवत्तेवर मिळणारी, ऐपतीचा प्रश्नच नाही. दोन निबंध आणि पुढे व्हिडिओवर मुलाखत. मुदत संपायला चाळीस मिनिटं असताना मी तो पाठवला, आणि खरं सांगायचं तर पाठवला एवढ्याचसाठी की दुसऱ्या कुठल्या तरी अर्जासाठी लिहिलेला निबंध थोडा वळवला की चालणार होता.

त्या शिष्यवृत्तीचं पत्र मार्चच्या पहिल्या आठवड्यात आलं. मेलचा विषय इतका कोरडा होता की जाहिरात समजून मी तो दोन दिवस उघडला नाही. ट्यूशन म्हणजे शिकवण्याची फी, सक्तीची शुल्कं, वसतिगृहातली खोली, जेवणाचा प्लॅन, पुस्तकांसाठी ठरावीक रक्कम, आणि हे सगळं आठ सेमिस्टर मिळणार. शिवाय तिथल्या ऑनर्स कॉलेजात, म्हणजे निवडक मुलांसाठीच्या विभागात, जागा. घरी आनंद झाला, पण तो ‘चला, एक तरी पक्कं झालं’ या जातीचा.

मार्चअखेरीला दुसरं पत्र. त्या विद्यापीठाचं नाव मी इथे सांगत नाही. सांगितलं तर निम्मे म्हणतील वेडी आहे, उरलेले म्हणतील थापा मारते. पोर्टल उघडलं आणि पडद्यावर वरून रंगीत कागदांचे तुकडे पडायला लागले. प्रवेश मिळाला की तसं अ‍ॅनिमेशनच केलेलं असतं त्यांनी. बाबा माझ्या मागे उभे होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि म्हणाले, “पुन्हा एकदा उघड बरं.” दुसऱ्यांदा कागद पडले नाहीत. ते एकदाच पडतात.

बाबांचा निर्णय तिथल्या तिथे झाला होता. “काढू की कर्ज. वर जाताना घर काय डोक्यावर घेऊन जायचंय?” आई त्या रात्री काहीच बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी तिने एक पाठकोरा कागद घेतला आणि मला समोर बसवलं. आई हिशेबाला पक्की. मोठे आकडे मांडले की माणूस घाबरतो किंवा बधिर होतो, असं तिचं मत आहे, म्हणून तिने शंभर-शंभरचे घेतले. “दर वर्षी शंभर उचलायचे, चार वर्षं. दहा टक्के सरळ व्याज धर. शिक्षण संपल्यावर एक वर्ष हप्ता नाही, पण व्याज थांबत नाही. पहिल्या शंभरावर पाच वर्षांचं, दुसऱ्यावर चार, तिसऱ्यावर तीन, चौथ्यावर दोन. पन्नास, चाळीस, तीस, वीस. किती झाले?” एकशे चाळीस. “म्हणजे उचलले चारशे, देणं पाचशे चाळीस. आणि पहिला हप्ता अजून भरायचाय.” तिने ५४० भोवती गोल केला. खाली बारीक अक्षरात लिहिलं: फी दर वर्षी वाढणार. कर्ज रुपयांत, फी डॉलरांत.

बाबा म्हणाले, नोकरी लागली की फिटेल.

“कुठे लागली की?” आईने विचारलं.

हा प्रश्न मला तोवर सुचलाच नव्हता. ते कर्ज फेडायचं तर पगार डॉलरांत हवा, म्हणजे नोकरी तिथेच हवी. पदवीनंतर एक वर्ष काम करता येतं. विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित यांतली पदवी असेल तर आणखी दोन वर्षं. त्यापुढे एच-१बी हा नोकरीचा व्हिसा, वर्षाला ८५ हजार, आणि अर्ज त्याहून जास्त आले तर सोडत. म्हणजे चांगले मार्क, चांगली नोकरी, चांगली कंपनी एवढं सगळं जमूनही शेवटी चिठ्ठी निघावी लागते. आई म्हणाली, “घर गहाण टाकून लॉटरीचं तिकीट काढायचं, असंच ना हे?” बाबा चिडले. चिडण्यासारखंच होतं. पण उत्तर त्यांच्याकडेही नव्हतं.

मग मी ते केलं जे सगळे करतात: नामांकित विद्यापीठाला लिहिलं. दुसरीकडून पूर्ण शिष्यवृत्ती आहे, पहिली पसंती तुम्हीच, काही मदत होऊ शकेल का? तीन दिवसांत उत्तर आलं. इतकं गोड लिहिलेलं की त्यातला नकार शोधायला मला ते दोनदा वाचावं लागलं. परदेशी विद्यार्थ्याने प्रवेशअर्जाच्या वेळी मदत मागितली नसेल तर पुढे चारही वर्षं त्याचा विचार होत नाही. हा नियम त्यांच्या संकेतस्थळावर स्पष्ट लिहिलेला होता. आम्ही कुणीच तो वाचला नव्हता. त्या आठवड्यात मी समुपदेशकांना मनातल्या मनात बरंच काही ऐकवलं. आता तितका राग येत नाही. ‘हो’वर टिचकी मारली असती तर ते रंगीत कागद बहुधा पडलेच नसते. राग उरला आहे तो एवढाच की हा सौदा आहे, हे मला कुणी सांगितलं नाही.

मुख्य काम यानंतर सुरू झालं, आणि त्याबद्दल लोक सहसा बोलत नाहीत. शिष्यवृत्तीचं पत्र वाचणं. अभिनंदनाचं पान बाजूला ठेवून मागची चार पानं, बारीक टाइपातली. आईने पेन्सिल घेतली आणि जिथे ‘राहील’, ‘लागेल’, ‘शकते’ अशा अर्थाचं क्रियापद दिसेल तिथे रेघ मारली.

आधी हे कळलं की ‘फुल ट्यूशन’ आणि ‘फुल राइड’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत शिकवण्याची फी माफ, राहणं-खाणं तुमचं, आणि ते काही थोडं नसतं. माझी दुसऱ्या प्रकारातली होती, सुदैवाने. मग हे की काही शिष्यवृत्त्या टक्क्यांत असतात आणि काही ठरावीक रकमेत. रक्कम ठरलेली असेल तर फी वाढेल तसा खड्डा दर वर्षी मोठा होत जातो, आणि तो भरायचा तुम्ही. माझ्याकडे आणखी एका ठिकाणचं असं पत्र होतं, त्या शिष्यवृत्तीचं नाव भलतंच भारदस्त होतं. हिशेब केल्यावर ती निम्म्या फीलाही पुरत नव्हती. नाव जेवढं जड तेवढी रक्कम हलकी, असा निदान माझा अनुभव.

रेघा मारून झाल्यावर जे उरलं त्याचे प्रश्न करून मी शिष्यवृत्ती कार्यालयाला पाठवले. जीपीए, म्हणजे चारपैकी सरासरी श्रेणी, ३.५ राखायचा तो दर सेमिस्टरला की वर्षाअखेरीला एकत्रित? घसरला तर लगेच बंद, की सुधारायला एक संधी? व्हिसाच्या नियमाने पूर्ण वेळ म्हणजे सेमिस्टरला किमान १२ क्रेडिट, मग तुम्ही पत्रात वर्षाला ३० का म्हणता? विषय बदलला तर चालेल? आजारपणामुळे एखादं सेमिस्टर सुटलं तर ते आठांतून वजा होणार का? आरोग्यविमा यात आहे का? उन्हाळ्यात वसतिगृह बंद असतं तेव्हा मी कुठे राहायचं? शेवटी, भीत भीत, हेही विचारलं की उत्तराची मुदत १५ एप्रिलऐवजी १ मे करता येईल का. वाटत होतं, इतके प्रश्न विचारल्यावर ‘नको ही कटकट’ म्हणून ऑफरच काढून घेतील.

कार्यालयातल्या बाईंनी प्रत्येक प्रश्नाखाली वेगळ्या रंगात उत्तर लिहून पाठवलं. जीपीए वर्षाअखेरीला बघतात. घसरला तर एका सेमिस्टरची संधी, एकदाच. ३० क्रेडिट ही व्हिसाची अट नाही, आमची आहे. विषय बदला, हरकत नाही. आजारपणाचं प्रत्येक प्रकरण वेगळं बघतो. विमा नाही, उन्हाळा नाही, विमानाचं तिकीट नाही. मुदत १ मे चालेल. खाली एक ओळ: असे प्रश्न आणखी मुलांनी विचारावेत असं आम्हाला वाटतं. हे ठरवण्याचं कारण म्हणून सांगितलं तर हास्यास्पद वाटेल, पण त्या रंगीत उत्तरांनी माझं मन थोडं तिकडे कललं.

दादाने आपल्या परीने एक अभ्यास शोधून काढला. स्टेसी डेल आणि अ‍ॅलन क्रूगर यांचा, २००२ साली प्रसिद्ध झालेला. मोठ्या कॉलेजची मुलं पुढे जास्त कमावतात हे तर दिसतंच, पण ती मुळातच तशी असतात म्हणून की कॉलेजमुळे? हे सोडवायला या दोघांनी अशी मुलं घेतली ज्यांना सारख्याच कॉलेजांनी प्रवेश दिला किंवा नाकारला होता, आणि मग ती प्रत्यक्षात कुठे गेली ते पाहिलं. कमी निवडक कॉलेजात गेलेल्यांची कमाई सरासरीने मागे पडलेली दिसली नाही. दादाने हे जेवणाच्या टेबलावर विजयी स्वरात वाचून दाखवलं. बाबांनी कागद घेतला आणि पुढचा परिच्छेद वाचला: अपवाद कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांचा, त्यांना निवडक कॉलेजचा फायदा होतो. “म्हणजे आपल्याला फायदा,” बाबा म्हणाले. दादा गप्प. ती मुलं बहुतांशी १९७६ साली अमेरिकेतच कॉलेजात शिरलेली होती आणि त्यांच्यापुढे कुठल्या व्हिसाची सोडत नव्हती. पण हे मला सुचेपर्यंत वाद संपला होता.

त्यापेक्षा उपयोगाचे ठरले दोन फोन. नामांकित ठिकाणी पूर्ण फी भरून शिकणारा एक मुलगा, तिसऱ्या वर्षाचा. त्याने वर्गांबद्दल, प्राध्यापकांबद्दल, भोवतालच्या मुलांबद्दल इतकं भरभरून सांगितलं की मी ऐकत राहिले. मग त्याने सहज सांगितलं की त्याला इतिहास घ्यायचा होता, पण घरचं कर्ज बघता अर्थशास्त्र घेतलं. त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. दुसरा फोन शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्या ताईचा. ती म्हणाली, “ये. पण पहिल्या सेमिस्टरला हुशारी दाखवायला अवघड गणित घेऊ नकोस. इथे हप्ता मार्कांत भरायचा असतो.” मी हसले. वाटलं, ती विनोद करतेय.

ठरलं ते एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, आणि या कुठल्याच कागदामुळे नाही. रात्री पाणी प्यायला उठले. टेबलावर घराच्या कागदांची फाईल होती. बाबांनी बँकेसाठी सगळं क्रमाने लावून ठेवलं होतं: खरेदीखत, करपावत्या, नकाशा. प्रत्येकाला पिवळी चिठ्ठी, त्यावर त्यांच्या वळणदार अक्षरात ‘मूळ प्रत’, ‘झेरॉक्स २’. एका चिठ्ठीवर ‘मूळ’ खोडून पुन्हा ‘मूळ’च लिहिलं होतं, कारण पहिलं अक्षर नीट आलं नव्हतं. मी ती फाईल बंद करून ठेवली आणि सकाळी सांगितलं, “बाबा, मी तिथे जात नाहीये.”

“आमच्यासाठी म्हणून काही ठरवू नकोस.”

“तुमच्यासाठी नाही. मला हप्त्यांची भीती वाटते.”

हे खरं होतं, पण अर्धंच. बाबा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. आईने फाईल कपाटात ठेवून दिली. दादा, ज्याचं नाव सहकर्जदार म्हणून लागणार होतं आणि ज्याने मोबाइलमधून मान वर न करता “लिहा माझं नाव” म्हटलं होतं, तो त्या दिवशी मला उगाचच बाहेर फिरायला घेऊन गेला.

नकार कळवायला पुन्हा तेच पोर्टल उघडावं लागलं. कागद पडणार नाहीत हे माहीत होतं, तरी मी क्षणभर थांबले. ‘प्रवेश नाकारा’वर गेलं की कारणांची यादी उघडते. मी ‘आर्थिक’ निवडलं. खाली ‘आणखी काही सांगायचं आहे का?’ असा रिकामा चौकोन होता. त्यात मी बरंच लिहिलं आणि पुसून टाकलं.

पुढची कागदपत्रं झटपट झाली. आय-२० वर, म्हणजे विद्यापीठ व्हिसासाठी देतं त्या फॉर्मवर, खर्चाच्या रकान्यासमोर विद्यापीठाचाच निधी असल्यामुळे बँकेचे दाखले जेमतेम दाखवावे लागले. व्हिसा अधिकाऱ्याने विचारलं खर्च कोण करतंय, मी म्हटलं विद्यापीठ, त्याने “सगळा?” म्हणून पान उलटून पाहिलं आणि दोन मिनिटांत सोडलं. सेव्हिसची, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीची, फी २४ जून २०१९ पासून २०० डॉलरवरून ३५० होणार होती. आम्ही ती जूनच्या पहिल्या आठवड्यात भरली. हे दीडशे डॉलर वाचवल्याचं बाबा अजून सांगतात. रुसवा सुटला तो बहुधा तिथेच.

तिथे गेल्यावर पहिल्याच महिन्यात माझ्या खात्यावर बिल आलं. मला वाटलं चूक झाली असेल. चूक नव्हती. शिष्यवृत्तीतला जो भाग ट्यूशन, सक्तीची शुल्कं आणि आवश्यक पुस्तकं यांवर जातो तो करमुक्त असतो. राहण्या-जेवणाचा भाग उत्पन्न धरला जातो, आणि एफ व्हिसावरच्या परदेशी विद्यार्थ्याच्या त्या भागातून १४ टक्के कर कापतात. पुढच्या वर्षी विवरणपत्र भरल्यावर त्यातले काही परत आले, पण सप्टेंबरात ते भरायचे होते रोख. वर विम्याचा हप्ता. एवढ्या रेघा मारून, एवढे प्रश्न विचारूनही कर हा शब्द आम्हाला कुणालाच सुचला नव्हता. आईला फोनवर सांगितलं तर ती आधी स्वतःवरच चिडली.

आणि मग गणित. ताईने सांगितलं होतं तरी मी ऑनर्सचा, सिद्धतांवर चालणारा रेखीय बीजगणिताचा कोर्स घेतलाच. माझ्यासारख्या मुलीने साधा कोर्स घ्यायचा? (‘माझ्यासारख्या’ म्हणजे जिच्यासाठी रंगीत कागद पडले होते.) पहिल्या सेमिस्टरचे निकाल: ए, ए मायनस, बी प्लस, बी, आणि त्या गणितात सी प्लस. पाच कोर्स, प्रत्येकी तीन क्रेडिट. सरासरी ३.२६. वर्षाअखेरीला ३.५ हवा, म्हणजे दुसऱ्या सेमिस्टरला ३.७४. हे गणित मात्र मला झटकन आलं.

जानेवारी-फेब्रुवारी मी ग्रंथालयात काढले. मार्च २०२० मध्ये विद्यापीठ बंद झालं, वर्ग लॅपटॉपवर गेले. ज्यांना घरी परतता येणार नव्हतं अशा आम्हा काहींना वसतिगृहात राहू दिलं. एका मजल्यावर तिघी. त्या सेमिस्टरला अक्षरी श्रेणीऐवजी नुसतं ‘उत्तीर्ण’ घ्यायची मुभा मिळाली, आणि बाकी सगळे सुटल्यासारखे झाले. मी आणखी अडकले. ‘उत्तीर्ण’ने जीपीए घसरत नाही, तसा वाढतही नाही. मला वाढवायचा होता. चार रात्री मी कोर्सागणिक कोष्टक मांडत बसले: हा अक्षरात, तो उत्तीर्णमध्ये. पाचव्या दिवशी कार्यालयातल्या त्याच बाईंचा सगळ्यांना मेल आला: या वर्षापुरती जीपीएची अट लागू नाही. मी तो वाचला आणि कॉरिडॉरमध्ये जाऊन जमिनीवर बसले. दुसऱ्या टोकाच्या मुलीने लांबूनच विचारलं, घरी सगळे ठीक ना?

त्यानंतर मी शहाणी झाले, आणि ते शहाणपण मला फारसं आवडत नाही. पुढची दोन वर्षं कोर्स निवडताना आधी हे बघायचे की प्राध्यापक मार्क कसे देतात. रिअल अ‍ॅनालिसिस हा गणितातला सिद्धतांचा अवघड कोर्स मला मनापासून करायचा होता. तो मी दर सेमिस्टरला यादीत टाकायचे आणि नावनोंदणीच्या आदल्या रात्री काढायचे. कर्ज घेतलेला तो मुलगा इतिहास सोडून अर्थशास्त्राकडे गेला होता. मी बिनकर्जाची, मीही भीतीपोटीच विषय चाळत होते. फरक होता, तो असा की माझी भीती दर वर्षी मे महिन्यात संपायची. दुसऱ्या वर्षी मी संगणकशास्त्र सोडून संख्याशास्त्राकडे वळले तेव्हा पगार किती मिळेल असं कुणी विचारलं नाही, मीसुद्धा नाही. दोन उन्हाळे तुटपुंज्या पगारावर प्रयोगशाळेत आकडेमोड करत काढले. सेमिस्टर चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला वीसच तास काम करता येतं, सुट्टीत पूर्ण वेळ, त्यामुळे उन्हाळ्याच्या खोलीचं भाडं त्यातच सुटलं. घरून पैसे आले ते विम्याचे आणि तिकिटांचे.

नावाचं काय, हे सांगायला हवं, नाहीतर हे सगळं फारच गुळगुळीत वाटेल. आमच्याकडच्या रोजगार मेळाव्यात मोठ्या हॉलभर टेबलं असायची. माझ्या डोक्यात ज्या तीन-चार कंपन्या होत्या त्यांचं टेबल चारही वर्षांत दिसलं नाही. त्या येतच नाहीत. त्यांच्या संकेतस्थळावर अर्ज करता येतो, केला, उत्तर आलं नाही. पदवी घेतली त्या उन्हाळ्यात, जुलै २०२३ मध्ये, राज चेट्टी, डेव्हिड डेमिंग आणि जॉन फ्रीडमन यांचा अभ्यास आला. आयव्ही लीगची हार्वर्ड-येलसारखी आणि त्यांच्या बरोबरीची मोजकी विद्यापीठं एका बाजूला, राज्यांची आघाडीची सरकारी विद्यापीठं दुसऱ्या. सरासरी कमाईत म्हणण्यासारखा फरक नाही. पण कमाईच्या वरच्या एक टक्क्यात पोचण्याची शक्यता बरीच वाढते, नामांकित ठिकाणी पुढचं शिक्षण घेण्याची जवळपास दुप्पट होते, आणि नामांकित कंपनीत लागण्याची तिप्पट. त्या रिकाम्या टेबलांना मोजून आकडा मिळाल्यासारखं वाटलं. बाबांना मी तो लेख पाठवला नाही. दादाने पाठवला.

बाबांनी उत्तरात अंगठा दाखवला. एवढंच. मी दोन दिवस त्या अंगठ्याचा अर्थ लावत होते.

त्याआधी, शेवटच्या सेमिस्टरला, मी रिअल अ‍ॅनालिसिस घेतलं. आठव्या सेमिस्टरनंतर शिष्यवृत्तीचं नूतनीकरण होत नाही, त्यामुळे त्या मार्कांकडे बघणारं कुणी नव्हतं. पदवीपुरता जीपीए केव्हाच जमला होता. वर्गात बारा जण होतो. प्राध्यापक फळ्यावर एक विधान लिहायचे आणि विचारायचे, खरं की खोटं? पहिले तीन आठवडे मी सवयीने गप्प बसले. चौथ्या आठवड्यात हात वर केला, म्हटलं खरं. खोटं होतं. त्यांनी मलाच फळ्यापाशी बोलावून ते का खोटं आहे हे माझ्याकडून काढून घेतलं, आणि त्याला अर्धा तास लागला. गृहपाठात एकेका सिद्धतेवर तीन-तीन संध्याकाळी जायच्या. गेल्या तर गेल्या.

बी मायनस मिळाला. आईला फोन केला. तिच्याकडे तो पाठकोरा कागद अजून आहे. गोल केलेल्या ५४० च्या खाली तिने माझ्या प्रत्येक सेमिस्टरचा जीपीए लिहून ठेवलेला, पहिला ३.२६.

“बी मायनस म्हणजे किती गं?”

“दोन पूर्णांक सात.”

“मग आता काय होईल?”

“काही नाही होत.”

“काहीच नाही?”

“काहीच नाही, आई.”

ती जरा वेळ गप्प होती. पलीकडून ड्रॉवर उघडल्याचा आवाज आला.

“बरं,” ती म्हणाली, “तरी लिहून ठेवते.”